दोष शोधणे वेगळे, दोष देणे वेगळे

आमच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या इतिवृत्ताच्या वहीत जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी एक ठराव लिहिला गेला. ‘3 जानेवारीच्या कार्यक्रमात निष्काळजीपणे जादा स्पीकर जोडल्यामुळे अँप्लिफायरचा डावा चॅनेल जळाला. दुरुस्तीचा खर्च 3500 रुपये संबंधित मुलाच्या पालकांकडून हप्त्याने वसूल करावा.’ ठराव एकमताने मंजूर झाला. अक्षर आमचे आहे, खाली सहीही आमचीच आहे. पुढे कळले की त्या ठरावातला ‘जळाला’ हा शब्द खोटा होता, आणि ‘जोडल्यामुळे’ मधला ‘मुळे’ त्याहून खोटा होता.

मित्रांनो, हा लेख एका जुन्या अँप्लिफायरच्या दुरुस्तीचा आहे. ज्यांच्या वाचनालयात, विहारात, मंडळात असा एखादा जुना सेट पडून आहे, त्यांना दुरुस्तीचा उपयोग होईल. बाकीच्यांनी त्या ‘मुळे’साठी वाचावे.

सेट 1980 च्या दशकातला. लाकडी पेटी, पुढे दोन काटे, आवाजाची, बॅलन्सची, खर्ज-तीव्रतेची बटणे. वस्तीतल्या एका निवृत्त कामगाराने तो वाचनालयाला दिला, तेव्हा सोबत कॅसेट प्लेअर आणि खोकाभर कॅसेटी दिल्या. त्या कॅसेटींत वस्तीतल्याच गायकांचे, आता हयात नसलेल्या शाहिरांचे कार्यक्रम आहेत. कोणत्याही कंपनीने ते छापले नाहीत. दर रविवारी संध्याकाळी त्या ऐकायच्या आणि हळूहळू संगणकावर उतरवून घ्यायच्या, असे आमचे काम चालू होते. हॉलमध्ये दोन बॉक्स. उजवा पुरुष बसतात त्या बाजूला, डावा खिडकीकडे, जिथे बाया बसतात. कुणी तसे ठरवले नव्हते, पण बसायची पद्धत पडून गेली होती.

3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, गर्दी जास्त होती. अभ्यासिकेत बसणाऱ्या एका बारावीच्या मुलाने बाहेरच्या गल्लीत आवाज जावा म्हणून आणखी दोन बॉक्स आणले आणि डाव्या चॅनेललाच जोडले. कार्यक्रम सुरू झाला. भाषणाच्या मध्येच डावी बाजू बसली. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडावरच्या दुरुस्तीवाल्याला सेट दाखवला. त्याने पेटी न उघडताच सांगितले, “चॅनेल उडालाय. ट्रान्झिस्टर बदलावे लागतील. साडेतीन हजार.” आम्हाला उत्तर मिळाले होते आणि गुन्हेगारही मिळाला होता. मग बैठक, मग ठराव. मुलाची आई चार घरची धुणीभांडी करते. तिने पुढच्याच आठवड्यात पाचशेची नोट आणून दिली. पावती मागितली नाही, आम्हीही दिली नाही. आणि बारावीची परीक्षा महिन्यावर आलेली असताना मुलगा अभ्यासिकेत यायचा बंद झाला.

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले आहे. एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असे होत नाही, हे आम्ही परीक्षेत लिहून गुण मिळवलेले आहेत. कुणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून मानू नका, हा कालामांना केलेला बुद्धाचा उपदेश आम्ही तरुणांपुढे कितीतरी वेळा मांडला आहे. बैठकीत मात्र त्यातले काहीही आठवले नाही. का आठवले नाही? कारण गोष्ट पटण्यासारखी होती. तीन बॉक्स एका चॅनेलला जोडले, चॅनेल गेला. पटणारी गोष्ट तपासावीशी वाटत नाही. अफवा अशीच पसरते आणि आळही असाच येतो.

सेट तसाच पडून होता, कारण साडेतीन हजार जमायचे होते. जानेवारीच्या शेवटी आमच्या वस्तीतल्या काकांकडे गेलो. काकांचे पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. आता डोळे अधू झाले म्हणून दुकान बंद केले. आम्ही त्यांना सगळी हकिगत सांगितली, जळालेल्या चॅनेलसकट. काकांनी ऐकून घेतले आणि विचारले, “जळाल्याचा वास आला होता का?”

नव्हता आला.

“फ्यूज गेला होता?”

पाहिला नव्हता.

“काटा हलत होता का डाव्या बाजूचा?”

हे मात्र आठवत होते. डावा बॉक्स मुका झाल्यावरही डावा काटा उजव्याच्या बरोबरीने नाचत होता. हॉलमधल्या शंभर-सव्वाशे माणसांच्या समोर नाचत होता. काका म्हणाले, “मग जळालं हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

रविवारी सकाळी काका वाचनालयात आले. येताना एक जुना मल्टिमीटर, पेन्सिल आणि साठ वॅटच्या बल्बचा सिरीज दिवा घेऊन आले. पेचकस खिशातच राहू दिला. म्हणाले, “आधी कान, मग मीटर, पेचकस सगळ्यात शेवटी.” त्यांनी जे करून दाखवले ते क्रमाने सांगतो, कारण हा क्रम हीच खरी शिकवण आहे.

स्टीरिओ सेटमध्ये एकसारखी दोन सर्किटे असतात. एक बिघडले तरी दुसरे शाबूत असते. म्हणजे नकाशा नसला तरी नकाशा शेजारीच असतो. चांगल्या बाजूला कुठे किती व्होल्ट आहे ते मापायचे, तेच बिघडलेल्या बाजूला मापायचे, आणि दोन्ही जिथे पहिल्यांदा वेगळे पडतात तिथे बिघाड असतो. बाकी सगळा अंदाज.

पहिली अदलाबदल स्पीकरची. सेट बंद करून डाव्या बॉक्सची वायर उजव्या टर्मिनलला लावली आणि उजव्याची डाव्याला. मुकेपणा बॉक्सबरोबर गेला असता तर दोष बॉक्समध्ये किंवा वायरमध्ये असता. तसे झाले नाही. डावा बॉक्स खणखणीत वाजू लागला आणि उजवा मुका झाला. म्हणजे बॉक्स चांगले, वायर चांगली.

दुसरी अदलाबदल इनपुटची. कॅसेट प्लेअरकडून येणाऱ्या लाल आणि पांढऱ्या पिना एकमेकींच्या जागी लावल्या. मुकेपणा बाजू बदलतो का? नाही बदलला. म्हणजे प्लेअर चांगला, केबल चांगली. दोष अँप्लिफायरच्या पेटीतच. दहा मिनिटांत, एक रुपयाही न घालता, अर्धा संशय संपला होता. ही दहा मिनिटे आम्ही बैठकीआधी काढू शकलो असतो.

तिसरी पायरी बटणांची. बॅलन्स, व्हॉल्यूम, मोनो-स्टीरिओचे आणि टेप मॉनिटरचे बटण. जुन्या सेटमध्ये या बटणांच्या आत धूळ आणि गंज बसतो आणि एखादी बाजू जाते. काकांनी प्रत्येक बटण वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावले. बॅलन्सच्या बटणात खरखर होती. आम्हाला वाटले सापडले. काकांनी मान हलवली. खरखर दोन्ही बॉक्समधून येत असे, आणि बटण स्वच्छ करूनही डावी बाजू मुकीच होती. त्यांनी एक कागद मागितला आणि लिहायला सांगितले, ‘बॅलन्स खराब आहे, पण हा तो दोष नाही.’ सेटमध्ये एकाहून अधिक खोड्या असू शकतात. सापडलेली पहिली खोडी हीच शोधत असलेली खोडी, असे धरून चालू नये.

इथे खिडकीजवळ बसून शेंगा सोलणाऱ्या एका मावशी बोलल्या. त्या रोज वाचनालय झाडतात. म्हणाल्या, “त्याला मोठं करा की, मोठं केलं की येतो तो.”

आम्ही म्हटले, “मावशी, कधीपासून?”

“पावसाळ्यापासून. आधी बारीक बारीक यायचा, मधेच जायचा. जोरात गाणं लागलं की पुन्हा यायचा. आम्ही त्या बॉक्सपाशी बसतो ना.”

“मग सांगितलं का नाही?”

“कुणी विचारलं?”

पावसाळ्यापासून! म्हणजे 3 जानेवारीच्या पाच-सहा महिने आधीपासून. समितीतले आम्ही सगळे उजव्या बॉक्सकडे बसणारे. डावा चॅनेल अधूनमधून जातो हे आम्हाला माहीतच नव्हते, कारण आमच्या कानाला कधी कमी पडले नव्हते. ज्यांना कमी पडत होते त्यांना विचारायचे सुचले नाही, आणि ठराव मात्र एकमताने झाला. एकमत म्हणजे सगळ्यांचे मत नव्हे. बैठकीत बसलेल्यांचे मत.

काकांचा चेहरा उजळला. आवाज वाढवला. एका ठिकाणी डावा बॉक्स खर्र करून जागा झाला आणि चांगला वाजू लागला. कमी केला, काही वेळाने पुन्हा फाटत फाटत विझला. काका म्हणाले, “जळालेला ट्रान्झिस्टर असा झोपत-उठत नाही. कुठेतरी कॉन्टॅक्ट गंजलाय.” त्याचे कारणही त्यांनी सांगितले. धातूच्या दोन टिकल्या एकमेकींना टेकून प्रवाह पुढे देतात. त्यांच्यावर गंजाचा पातळ पापुद्रा चढला की हळू आवाजाचा कमजोर सिग्नल तो पापुद्रा भेदू शकत नाही. आवाज मोठा केला की व्होल्टेज वाढते, पापुद्रा फुटतो, वाट मोकळी होते. मुंबईची दमट, खारी हवा, त्यात पावसाळा. मावशींची तारीख आणि काकांचे कारण एकमेकांत बरोबर बसत होते.

तरीही काकांनी निकाल दिला नाही. “हा अजून अंदाजच. आता पेचकस.”

प्लग काढून पेटी उघडली. तरुणांनो, इथे थांबून एक गोष्ट नीट वाचा. प्लग काढला म्हणजे सेट मेला असे नसते. आतले मोठे फिल्टर कपॅसिटर नंतरही वीज धरून ठेवतात. काकांनी आधी मीटरने मापले, मग पाच वॅटचा एक रेझिस्टर लावून ते रिकामे केले, पुन्हा मापले. पेचकसाने शॉर्ट करून ठिणगी उडवण्याची फुशारकी करू नका. त्यात भागही जातो आणि कधी डोळाही. आणि ज्याला मेन लाइनचे काम येत नाही त्याने जाणत्या माणसाशिवाय पेटी उघडूच नये. अदलाबदलीच्या आधीच्या पायऱ्या मात्र कुणालाही जमतात.

मग सिरीज दिव्यातून सेट चालू केला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटून राहतो आणि सेट वाचतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला. शॉर्ट नाही. त्यानंतर सेट सरळ लाइनवर घेतला. पुरवठा दोन्हीकडे सारखाच, अधिक 36 आणि उणे 36 व्होल्ट. स्पीकर काढून, गाणे बंद ठेवून, दोन्ही चॅनेलच्या आउटपुटवर डीसी मापला. उजवीकडे 12 मिलिव्होल्ट, डावीकडे 18. आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला असता तर इथे पुरवठ्याचे तीस-पस्तीस व्होल्ट येऊन बसले असते. काकांनी हीटसिंकवरच्या 2एन3055 आणि एमजे2955 च्या जोड्यांकडे बोट दाखवले. “हेच बदलायचे होते ना साडेतीन हजारात? हे धडधाकट आहेत.”

सेट चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज येतो, तो रिलेचा. अँप्लिफायरमध्ये काही बिघडून डीसी आला तर स्पीकर जळू नये म्हणून हा रिले मध्ये उभा असतो. सगळे ठीक असल्याची खात्री झाली की तो स्पीकर जोडतो. त्याच्या आत टिकल्यांच्या दोन जोड्या, एक डाव्या चॅनेलची, एक उजव्याची. मोबाइलवरून एकसारखा सूर दोन्ही चॅनेलना दिला. काकांनी स्पीकर परत जोडायला लावले. आम्ही विचारले, आवाज मापण्याशी त्याचा काय संबंध? काका म्हणाले, “मीटर अगदी थोडा प्रवाह ओढतो. गंजलेल्या टिकलीतूनही तेवढा जातो आणि मीटर म्हणतं सगळं ठीक. अंगावर ओझं पडल्याशिवाय कॉन्टॅक्टचा खरेपणा कळत नाही.”

रिलेच्या आधी उजवीकडे 2 व्होल्ट, डावीकडे 2 व्होल्ट. रिलेच्या नंतर उजवीकडे 2 व्होल्ट, डावीकडे 0.3. दोन बाजू इथे पहिल्यांदा वेगळ्या पडल्या. काटा रिलेच्या आधीच्या जागेवरून सिग्नल घेत होता, म्हणून तो नाचत राहिला होता. काकांनी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने रिलेच्या डबीवर हलकेच टिचकी मारली. डावा बॉक्स भरून वाजला. मावशी म्हणाल्या, “आला.”

रिलेची डबी उघडली तेव्हा डाव्या टिकल्या काळ्या पडलेल्या दिसल्या. कुणीतरी पॉलिश पेपर आणायला निघाले. काकांनी थांबवले. पॉलिश पेपरने टिकलीवरचा चांगला मुलामा निघून जातो, दोन दिवस बरे वाटते आणि मग कायमचे बिघडते. अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी टिकल्यांमधून ओढून तात्पुरते साफ करता येते. खरा उपाय म्हणजे रिले बदलणे. लॅमिंग्टन रोडला तसाच 24 व्होल्टचा, तेवढ्याच पिनांचा रिले 90 रुपयांना मिळाला. जुना डाग काढून नवा लावायला अर्धा तास लागला. बॅलन्सचे बटण स्वच्छ केले. एकूण खर्च प्रवास धरून दीडशेच्या आत.

आता कुणी विचारेल, मुलाची काहीच चूक नव्हती का? होती. सेटच्या मागे स्पष्ट लिहिले आहे की कमीत कमी 4 ओहमचा भार जोडावा. 8 ओहमचे तीन बॉक्स समांतर जोडले की भार 2.67 ओहमवर येतो. ट्रान्झिस्टर जाऊ शकले असते. आधीच गंजलेल्या टिकल्यांवर त्या रात्री जास्त प्रवाहाचा ताण पडला असेल, हेही आम्ही नाकारत नाही. पण सेटच्या मागे काय लिहिले आहे ते त्याला कुणी शिकवले होते? वाचनालयात ते आम्हालाही ठाऊक नव्हते. त्याची चूक शिकवण्याची होती, वसुलीची नव्हती. आणि बिघाड त्याच्या चुकीच्या आधीपासून होता. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे म्हणजे न्याय. त्या एकत्र कालवणे सोपे असते.

आणि हे आम्ही करावे? 1871 च्या कायद्याने या देशात अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले होते. ते जोखड कायद्याच्या पुस्तकातून निघायला 31 ऑगस्ट 1952 उजाडला, आणि लोकांच्या डोक्यातून अजून निघालेले नाही. वस्तीजवळच्या सोसायटीत काही हरवले की पहिला फोन कुणाच्या घरी येतो, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुरावा मागायचा हक्क आम्ही पोलिसांपुढे, प्राचार्यांपुढे, मालकांपुढे भांडून मागतो. मग तोच हक्क आमच्या बैठकीत आमच्याच एका पोराला का मिळाला नाही? बाहेरच्या अन्यायाशी लढणाऱ्याने आपली वही कुणी तपासणार नाही असे धरून चालू नये. सेट बिघडला तर दीडशे रुपयांत सुधारतो. बारावीच्या तोंडावर अभ्यासिका सोडलेला मुलगा दीडशे रुपयांत परत येत नाही.

त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. दार आईने उघडले. आम्ही पाचशे रुपये परत दिले आणि काय सापडले ते सांगितले. तिने नोट घेतली आणि म्हणाली, “पैशाचं काही नाही. तो बोलत नाही घरात.” मुलगा आत होता. बाहेर आला. आम्ही म्हटले, “आमचं चुकलं. तपासायच्या आधी लिहिलं.” तो बराच वेळ गप्प होता. मग विचारले, “दादा, काय गेलं होतं मग?” आम्ही जुना रिले खिशातून काढून त्याच्या हातात दिला. त्याने डबी कानाशी धरून हलवून पाहिली.

दुसऱ्या दिवशी तो अभ्यासिकेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि नेहमीच्या जागेऐवजी मागच्या रांगेत बसला. अजून तिथेच बसतो. ते आम्ही सुधारू शकलेलो नाही.

पुढच्या बैठकीत आधीचा ठराव रद्द केला. पान फाडले नाही, ठरावावर काट मारली नाही. त्याच्याखाली लिहिले: ‘वरील ठराव तपासाशिवाय केला होता. बिघाड रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये होता व तो पावसाळ्यापासून होता. मुलाची व त्याच्या आईची समिती क्षमा मागते.’ ही नोंद बैठकीत मोठ्याने वाचली, कारण पहिला ठरावही मोठ्यानेच वाचला होता. त्याखाली एक नियम घातला. यापुढे वाचनालयाची कोणतीही वस्तू बिघडली तर ‘कुणी केले’ हा प्रश्न ‘काय झाले’ याचे उत्तर मापून मिळाल्याशिवाय बैठकीत घ्यायचा नाही, आणि त्या वस्तूच्या सर्वांत जवळ बसणाऱ्यांना आधी विचारायचे.

मावशी आता समितीवर आहेत. बैठकीत डाव्या बाजूला, खिडकीपाशीच बसतात. आम्ही आमची खुर्ची तिकडे हलवली आहे.

जय भीम.